हरकत असल्यास कळवावे

कोणाला पहाटेच्या रागांचा नाद असतो, कोणाला जुन्या नाण्यांचा. मला करारनामे वाचण्याचा नाद आहे. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दस्तलेखक म्हणून काढल्यावर हा नाद लागला नसता तरच नवल. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र : माणसांचे सगळे रागलोभ अखेर या पाच-सात नावांखाली येऊन बसतात. कादंबरीकार ज्या गोष्टीला तीनशे पाने घालवतो, ती हक्कसोडपत्रात ‘राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’ एवढ्या शब्दांत मावते. आणि ते शब्द लिहिताना समोर बसलेल्या बहिणीचा चेहरा पाहिला, की कादंबरी वाचायची गरज उरत नाही.

आता लेखणी खाली ठेवली आहे, पण वाचायची सवय सुटत नाही. गावातले दस्त संपले तसा मी देशादेशांचे दस्त वाचू लागलो. आमच्या घरातून यावर एकच शेरा असतो : “स्वतःच्या सात-बारावरचं नाव लावून घ्यायचं राहिलंय, आणि हे निघाले युरोपची वाटणी करायला!” शेऱ्यात तथ्य आहे. तरीही मी वाचतो. आणि वाचता वाचता ज्या दस्ताने मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले आहे, तो म्हणजे ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी सही केलेला उत्तर अटलांटिक करार. त्यातून जी संघटना उभी राहिली तिला वर्तमानपत्रे ‘नाटो’ म्हणतात.

गंमत अशी, की एवढ्या बलाढ्य लष्करी मैत्रीचा हा दस्त अवघ्या चौदा कलमांचा आहे. आमच्याकडे चार भावांच्या समाईक विहिरीच्या पाळ्या ठरवायच्या तरी याहून जास्त कागद लागतो. पण छोट्या दस्तातच भांडणे फार असतात, हा माझा जुना अनुभव. या कराराचेही तसेच झाले. शत्रू कोण याबद्दल सह्या करणाऱ्यांत फारसे दुमत नव्हते. आपल्यात आणखी कोणाला घ्यायचे, यावरून मात्र ते सत्तर वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी हुज्जत घालत आले आहेत.

कोणताही दस्त हाती आला, की मी तीन गोष्टी आधी पाहतो : देणेघेणे काय, चतुःसीमा कोणत्या, आणि सह्या कोणाच्या.

देणेघेणे पाचव्या कलमात आहे. एकावर झालेला सशस्त्र हल्ला तो सर्वांवर झालेला हल्ला समजला जाईल. वाक्य मोठे भारदस्त आहे. पण दस्तलेखकाची नजर पुढच्या ओळीकडे जाते. प्रत्येक सभासदाने मदतीला यायचे ते ‘त्याला आवश्यक वाटेल ती कृती’ करून. म्हणजे फौज पाठवायची, दारूगोळा द्यायचा की नुसता निषेध करायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्याने हे लिहिले तो पक्का दस्तलेखक असला पाहिजे. पुढे सगळ्या जगाला दरारा वाटावा आणि आपल्या संसदेला मोकळीक राहावी, अशी दोन्ही कामे त्याने एका वाक्यात केली. हे कलम आजवर एकदाच लागू झाले : ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाल्यानंतर. ज्या थोरल्याने धाकट्यांना वाचवायचे म्हणून सगळा खटाटोप झाला, त्या थोरल्याच्याच मदतीला धाकट्यांनी उभे राहावे, असा प्रसंग आला.

आणखी एक गोष्ट. तेराव्या कलमात बाहेर पडायची वाट आहे. वीस वर्षांनंतर एक वर्षाची सूचना देऊन कोणालाही निघता येते. पण सभासदाला बाहेर काढायचे कलम सबंध करारात नाही. नव्या सभासदाच्या प्रवेशावरून एवढे वाद का होतात, त्याचे अर्धे उत्तर या न लिहिलेल्या कलमात आहे. ज्याला पुन्हा बाहेर काढता येणार नाही, त्याला आत घेताना माणूस चार वेळा विचार करतोच.

चतुःसीमा सहाव्या कलमात आहेत, आणि त्या वाचताना मला आपला कोकणपट्टा आठवल्यावाचून राहत नाही. करार लागू व्हायचा तो युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिक भागातली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे एवढ्यापुरता. फ्रान्सने हट्ट धरून अल्जीरियाचे आपले प्रांत त्यात घालून घेतले. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर ती ओळ निकामी झाली. हवाई बेटे पॅसिफिक महासागरात, म्हणून अमेरिकेचे राज्य असूनही या चतुःसीमेबाहेर. आणि गोवा? गोवाही बाहेरच.

ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. १९५५ साली ती किरकोळ नव्हती. सालाझारचा पोर्तुगाल या कराराच्या पहिल्या बारांपैकी एक होता. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातली माणसे होती. आमच्या तालुक्यातूनही काही जण गेले होते, असे वडील सांगत. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखांचा ‘प्रांत’ असा उल्लेख केला, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप उसळला! उद्या आपण गोव्यात पाऊल टाकले तर हे बारा-पंधरा देश अंगावर येणार काय, अशी शंका पारावरच्या माणसालाही पडली असेल. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात उतरली आणि १९ तारखेला साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. पोर्तुगालच्या मित्रांनी सुरक्षा समितीत कडक भाषणे केली. रशियाने नकाराधिकार वापरला. पण सैनिक कोणी पाठवला नाही. चतुःसीमेने आपले काम केले होते. आपण ज्या कराराकडे परकी गोष्ट म्हणून पाहतो, त्याच्या एका ओळीशी आपलाही असा संबंध आहे.

आता सह्यांचे. दहावे कलम सांगते, की करारातील तत्त्वे पुढे नेऊ शकेल आणि या भागाच्या सुरक्षिततेत भर घालू शकेल अशा कोणत्याही युरोपीय राष्ट्राला ‘एकमताने’ निमंत्रण देता येईल. बहुमताने नव्हे. लक्झेंबर्गची सही आणि अमेरिकेची सही यांचे वजन इथे सारखे. समाईक जमीन विकायची तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि ज्याचा हिस्सा दोन आण्यांचा तोच नेमका सहीच्या दिवशी देवदर्शनाला गेलेला असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कलमातील अडचण समजावून सांगायला नको.

या मंडळींच्या कारभाराची एक रीत तर मला अगदी घरची वाटली. तिथे मतदान म्हणून होत नाही. मसुदा सर्वांना धाडायचा, मुदत घालून द्यायची, आणि त्या वेळेपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही तर मसुदा मंजूर. आपल्याकडे जमीन-खरेदीची जाहीर नोटीस निघते ना, ‘हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजले जाईल’, तसेच हे. मौनाला संमती मानण्याची ही युक्ती आपणच काढली असा माझा समज होता. ब्रुसेल्सकरही काही कमी नाहीत.

पण हरकती आल्याच. अगदी पहिल्यापासून आल्या. ग्रीस आणि तुर्कस्तान यांना घ्यायचे ठरू लागले, तेव्हा नॉर्वे आणि डेन्मार्क नाखूश होते. आमचा करार अटलांटिकचा. भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या टोकाला लागलेली आग आम्ही का विझवायची, असा त्यांचा सवाल होता. ब्रिटनला तुर्कस्तान हवा होता, पण मध्यपूर्वेच्या वेगळ्या व्यवस्थेत. शेवटी १९५२ च्या फेब्रुवारीत दोघेही आत आले आणि त्यासाठी चतुःसीमेचे दुरुस्तीपत्र करावे लागले. त्याच वर्षी संघटनेचे पहिले सरचिटणीस झाले लॉर्ड इस्मे. हे गृहस्थ जन्मले आपल्या नैनितालला, नोकरी केली हिंदुस्थानच्या घोडदळात, आणि १९४७ साली माउंटबॅटन यांचे प्रमुख साहाय्यक म्हणून दिल्लीत फाळणी डोळ्यांनी पाहिली. एका घराची वाटणी पाहून आलेला माणूस दुसऱ्या घराचा कारभारी झाला. रशियनांना बाहेर, अमेरिकनांना आत आणि जर्मनांना खाली ठेवणे हे या संघटनेचे काम, अशा अर्थाचे एक चुरचुरीत वाक्य त्यांच्या नावावर सांगतात.

जर्मनांना फार दिवस खाली ठेवता आले नाही. महायुद्ध संपून दहा वर्षे होतात न होतात तोच पश्चिम जर्मनीला आत घ्यायची वेळ आली. फ्रान्सच्या जिवाची घालमेल काय झाली असेल! जर्मन सैनिक सर्वांच्या मिळून एका युरोपीय सेनेत बांधून टाकावेत, ही योजना फ्रान्सचीच. आणि ऑगस्ट १९५४ मध्ये ती फेटाळली तीही फ्रान्सच्याच लोकसभेने. अखेर मे १९५५ मध्ये जर्मनी सरळ दारानेच आत आला, आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला रशियाने वॉर्सात आपली वेगळी चूल मांडली. त्याआधी मार्च १९५४ मध्ये खुद्द रशियानेच ‘आम्हीही तुमच्यात यायला तयार आहोत’ असे पत्र पाठवले होते! ज्याच्या भीतीने कुंपण घातले त्यानेच फाटकाची किल्ली मागावी, असा तो प्रकार. अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

स्पेनची कथा निराळी. फ्रँकोच्या हुकूमशाहीशी आमचे जमणार नाही म्हणून स्पेनला दार बंद. शेजारच्या सालाझारच्या हुकूमशाहीला मात्र पहिल्या पंगतीचे पान. सालाझारकडे अझोर्स बेटे होती, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना ती लागत होती. तत्त्व आणि सोय यांचे भांडण झाले, की तत्त्वाला बहुधा बाहेरच्या ओट्यावर बसावे लागते. स्पेनला आत यायला १९८२ साल उजाडले.

खरी कसोटी लागली ती १९८९ नंतर. बर्लिनची भिंत पडली, वॉर्सा करार विरघळला, आणि ज्याच्यासाठी कुंपण घातले तो बैलच नाहीसा झाला असे वाटू लागले. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलताना म्हणाले, की नाटोचा अंमल पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही. बोलणे चालले होते जर्मनीच्या एकीकरणाचे. सप्टेंबरात जो लेखी तह झाला त्यात पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकी फौजा आणि अण्वस्त्रे ठेवणार नाही एवढेच उतरले. पोलंड-हंगेरीचा उल्लेख नाही. पुढे तीस वर्षे एक पक्ष म्हणतो, शब्द दिला होता. दुसरा म्हणतो, कागद दाखवा. तोंडी बोलीचे हे असे होते. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत अशी भांडणे दर महिन्याला असत : “काकांनी ओसरीवर बसून सांगितलं होतं!” सांगितले असेलही. कायदा काकांचा कागद मागतो. पण पुतण्याच्या मनातली अढी कागद मागत नाही.

पूर्व युरोपातल्या लोकांच्या बाजूने पाहिले म्हणजे चित्र पालटते. १९३८ साली म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले गेले ते त्याला खोलीबाहेर बसवून. १९५६ साली बुडापेस्टच्या आणि १९६८ साली प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे फिरले. एप्रिल १९९३ मध्ये हावेल आणि वाऊएन्सा वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटन यांना भेटले, तेव्हा त्यांनी मागितले ते एवढेच : आम्हाला पुन्हा मोकळ्या रानात ठेवू नका. याउलट, रशियाला बांध घालण्याचे धोरण ज्यांनी शिकवले ते नव्वदी ओलांडलेले जॉर्ज केनन १९९७ साली वर्तमानपत्रात लिहून सांगत होते, की हा विस्तार ही या काळातली सर्वांत घातक चूक ठरेल. त्याने रशियातला कडवेपणा वाढेल. त्याच उन्हाळ्यात माद्रिदच्या बैठकीत फ्रान्स म्हणत होता, पाच घ्या, रुमानिया आणि स्लोव्हेनियाही हवेत. अमेरिका म्हणाली, तीनच. तीनच आले. मार्च १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांची कागदपत्रे अमेरिकेच्या वतीने स्वीकारली परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी, ज्यांचा जन्म प्रागचा आणि ज्यांना लहानपणी दोनदा ते गाव सोडावे लागले होते. दस्त घेणाऱ्या बाईंचे हात त्या दिवशी किंचित थरथरले असतील, असे मला आपले वाटते.

शेजाऱ्याच्या दांडगाईमुळे कुंपण पुढे सरकले, की कुंपण सरकल्यामुळे शेजारी दांडगा झाला? हा वाद दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी घातला आहे आणि २०२२ नंतर तो आणखीच कडू झाला आहे. मी निवाडा देणारा कोण? पण एका कागदाबद्दल मात्र मला माझ्या धंद्याच्या अधिकाराने बोलावेसे वाटते.

तो कागद एप्रिल २००८ चा, बुखारेस्टचा. चाउशेस्कूने बांधलेल्या त्या अवाढव्य महालात सगळे जमले होते. युक्रेन आणि जॉर्जिया यांना प्रवेशाच्या तयारीचा रीतसर कार्यक्रम द्या, असा बुश यांचा आग्रह. मर्केल आणि सार्कोझी यांची हरकत. मर्केल यांचे म्हणणे पोकळ नव्हते : खुद्द युक्रेनमध्ये त्या वेळी या प्रवेशाला बहुमत नव्हते, आणि सेवास्तोपोलच्या बंदरात रशियाचे आरमार भाड्याने उभे होते. पूर्वेकडचे नवे सभासद मात्र म्हणत होते, आज दार लावाल तर उद्या कोणी तरी ते बाहेरून कडी घालील. रात्र गेली, चर्चा झाली, आणि सकाळी तोडगा निघाला. कार्यक्रम द्यायचा नाही. पण निवेदनात लिहायचे, की हे दोन देश सभासद होतील. केव्हा? ते लिहिलेले नाही.

वाचकांपैकी ज्यांनी घर किंवा जमीन घेतली असेल त्यांना इसारपावती ठाऊक आहे. इसार घेतला म्हणजे व्यवहार ठरला. पण त्यात मुदतीचा रकाना असतो. तो कोरा ठेवून कोणी सही मागितली, तर मी लेखणी खाली ठेवीत असे. कारण मुदत नसलेला इसार तिघांचे नुकसान करतो. घेणारा त्याच्या भरवशावर दुसरी सोय पाहत नाही. देणाऱ्याला तो ना मोडता येतो ना पुरा करता येतो. आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या तिसऱ्याला कळते, की जे काही करायचे ते खरेदीखत होण्याआधीच केले पाहिजे. बुखारेस्टनंतर चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झाले. २०१४ साली क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ ला काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ही सगळी त्या एका ओळीची फळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल; रणगाडे कागद पाठवत नाही, माणसे पाठवतात. पण तो कोरा रकाना माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यातही युक्रेनच्या पेटीत असा आणखी एक कागद होता. ५ डिसेंबर १९९४ चा, बुडापेस्टचा. सोव्हिएत वारशाने आलेली अण्वस्त्रे युक्रेनने सोडून द्यायची आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन व खुद्द रशिया यांनी त्याच्या सरहद्दींचा मान राखायचा. त्या कागदात ‘हमी’ हा शब्द यावा की ‘आश्वासन’, यावर पुष्कळ घासाघीस झाली आणि आश्वासन ठेवले गेले. हमीदार आणि साक्षीदार यांच्यातला फरक आमच्या गावच्या सोसायटीचे कर्ज काढलेला कोणीही शेतकरी सांगेल. हमीदाराच्या दारात वसुली येते. साक्षीदाराला फक्त ‘होय, मी पाहिले’ एवढेच म्हणायचे असते.

सणासुदीच्या दिवसांत एवढे गंभीर बोलून झाल्यावर आता मॅसिडोनियाची कथा सांगतो. १९९१ साली युगोस्लाव्हियातून हा छोटा देश वेगळा निघाला आणि त्याने आपले पिढीजात नाव लावले. शेजारचा ग्रीस खवळला. मॅसिडोनिया हा आमचा प्रांत, सिकंदर आमचा. हे नाव तुम्ही लावताच कसे? भांडण वाढत गेले. ग्रीसने व्यापार तोडला. झेंड्यावरचा सोळा किरणांचा सूर्य काढावा लागला. संयुक्त राष्ट्रांत या देशाला बसवले ते ‘भूतपूर्व युगोस्लाव प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ या लांबलचक नावाने. मध्यस्थ मॅथ्यू निमेट्झ यांनी वर्षाला एक डॉलर मानधनावर जवळजवळ पाव शतक फक्त एका नावाची खटपट केली. २००८ च्या त्याच बुखारेस्ट बैठकीत मॅसिडोनियाचे सगळे कागद तयार असताना ग्रीसने हरकत घेतली आणि पान वाढून झालेल्या पाहुण्याला उठवले. तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही हरकत जुन्या कराराचा भंग असल्याचा निकाल पंधरा विरुद्ध एक मताने दिला. निकालाचा उपयोग? शून्य. न्यायालय हक्क सांगू शकते, सही करायला लावू शकत नाही. इकडे चिडलेल्या मॅसिडोनियाने राजधानीच्या चौकात घोड्यावरच्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला, आणि तो कोणाचा हे न सांगता सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली.

अखेर जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला, देशाचे नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ ठरले, ग्रीक संसदेने तीनशेपैकी एकशे त्रेपन्न मतांनी ते कसेबसे मान्य केले, आणि २७ मार्च २०२० रोजी हा तिसावा सभासद आत आला.

हे सगळे मी मोठ्या चवीने घरात सांगत होतो. सौ. करंज्यांच्या कडा मुरडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे दुसऱ्याच्या घरात जायचं म्हणून नाव बदललं, एवढंच ना? आमचं तर पाच मिनिटांत झालं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं, पेढे वाटले. आम्हाला कुणी सत्तावीस वर्षं दिली नाहीत विचार करायला.”

“त्यांनी सार्वमत घेतलं होतं,” मी म्हणालो. “मतदानाला शंभरातले सदतीसच आले.”

“बाकीचे त्रेसष्ट घरी बसून काय करत असतील, ते मला विचारा,” ती म्हणाली, आणि पुढची करंजी हातात घेतली.

यावर मला उत्तर सुचले नाही. दस्तात ‘राजीखुशीने’ हा शब्द मी किती हजार वेळा लिहिला असेन. पण राजी आणि खुशी हे दोन निराळे शब्द आहेत, हे तिने त्या संध्याकाळी सहज सांगून टाकले. स्कोपियेच्या लोकांनी राजी होऊन नाव बदलले. खुशीने बदलले असे कोण म्हणेल?

फिनलंड आणि स्वीडन यांचे तर आणखी निराळे. स्वीडन दोनशे वर्षे कोणाच्या अध्यात ना मध्यात. फिनलंडने रशियाशी तेराशे चाळीस किलोमीटरची सरहद्द वाटून घेऊन कसा तोल सांभाळला, ते त्यालाच ठाऊक. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर काही आठवड्यांत दोन्हीकडचे लोकमत फिरले आणि १८ मे रोजी दोघांनी बरोबरीने अर्ज केले. सर्वांना वाटले, आता काय, हात धरून आत येतील. पण एकमताचे कलम होतेच. तुर्कस्तान म्हणाला, आम्ही ज्यांना दहशतवादी म्हणतो त्यांना स्वीडन आसरा देतो. स्वीडनने कायदे बदलले, घटना दुरुस्त केली. मध्येच स्टॉकहोममध्ये एका माथेफिरूने कुराण जाळले आणि बोलणी पुन्हा अडली. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी एकटाच पुढे गेला. स्वीडन दारात. जानेवारी २०२४ मध्ये तुर्की संसदेने होकार दिला आणि त्याच आठवड्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-१६ विमाने विकण्याचा मार्ग मोकळा केला. उरला हंगेरी. स्वीडिश लोक आमच्या लोकशाहीला नावे ठेवतात, हा त्याचा राग. फेब्रुवारीत स्वीडनचे पंतप्रधान बुडापेस्टला गेले, स्वीडनमध्ये बनणारी चार ग्रिपेन विमाने हंगेरीने घ्यायचे ठरले, आणि तीन दिवसांनी हंगेरीच्या संसदेची मंजुरी आली. ७ मार्च २०२४ ला स्वीडन बत्तीसावा सभासद झाला. परिषदेत इंग्रजी वर्णानुक्रमे बसतात. त्यामुळे स्वीडनच्या शेजारची खुर्ची कोणाची आली म्हणाल? तुर्कस्तानची! ज्याने वीस महिने दारात अडवले, त्याच्याच मांडीला मांडी लावून आता जन्मभर जेवायचे. संसारात हे असेच होते.

हे वाचून कोणी म्हणेल, एकमताचे हे खूळ काढून टाका आणि बहुमताने कारभार करा. मला तसे वाटत नाही. पाचव्या कलमाचा अर्थ असा, की नव्याने आलेल्या देशासाठी उद्या आपल्या गावातला मुलगा मरायला पाठवावा लागेल. नॉर्वेच्या कोळ्याचा मुलगा, पोर्तुगालच्या शेतकऱ्याचा मुलगा. असा दस्त शेजाऱ्याच्या बहुमताने कोणाच्या माथी मारता येत नाही. ज्याचा मुलगा त्याची सही पाहिजे. हरकतीचा हक्क म्हणूनच पवित्र आहे. त्या हक्काचा कोणी विमानांसाठी सौदा करतो, कोणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजासाठी करतो. समाईकाच्या सहीला किंमत आली, की कोणी ना कोणी ती वसूल करतोच. त्याला उपाय नाही.

उपाय आहे तो कोऱ्या रकान्याला. घेणार नसाल तर नाही म्हणा. ऐकणारा रडेल, पण आपली सोय पाहील. घेणार असाल तर तारीख घाला. जुलै २०२३ मध्ये व्हिल्नियसला सगळे पुन्हा जमले आणि युक्रेनला म्हणाले, सभासदांचे एकमत झाले आणि अटी पुऱ्या झाल्या म्हणजे निमंत्रण देऊ. झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी याला विचित्रपणा म्हटले. २०२४ च्या जुलैत वॉशिंग्टनला ‘आता मागे न फिरणारा मार्ग’ असे शब्द लिहिले गेले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्याच संरक्षणमंत्र्यांनी ब्रुसेल्सला येऊन सांगितले, की युक्रेनचा प्रवेश ही व्यवहार्य गोष्ट नाही. दर वेळी शब्द नवे, कागद नवा, सह्या त्याच. मी तो प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचला. माझी नजर दर वेळी सवयीने खाली डाव्या कोपऱ्याकडे जाते, जिथे आम्ही मुदत लिहीत असू. आणि तिकडे दूर द्नीपर नदीकाठच्या एखाद्या घरात, आपल्याकडच्यासारखीच, कोणी एक आई आपल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असते. तिला त्या कागदातले बाकी काही कळत नसेल. ती जागा कोरी आहे, एवढे मात्र तिला नक्की कळते.